त्रुटीच्या हिशेबातील त्रुटी

पुण्याहून सातारा रस्त्याने निघाले आणि खेड-शिवापूर मागे टाकले, की भोर तालुक्याच्या हद्दीत वरवे बुद्रुक हे गाव लागते. महामार्गाला लागून असल्यामुळे वाहनांचा घोंगाट अहोरात्र चालू असतो. पण गावात शिरून मंदिराच्या सभामंडपात बसले, की काळ किंचित सावकाश चालत असल्याचा भास होतो. अशाच एका सायंकाळी तेथे 'भारतीय कालगणना' या विषयावर बोलण्याचा योग आला. गेली कित्येक वर्षे मी या विषयावर गावोगावी बोलत आलो आहे. युगे, मन्वंतरे, कल्प यांचे विराट आकडे सांगून झाले, की मी सूक्ष्माकडे वळतो आणि म्हणतो, ''आपल्या पूर्वजांनी सेकंदाच्या तेहतीस हजार सातशे पन्नासाव्या भागाला नाव दिले होते. ते नाव म्हणजे त्रुटी!'' या वाक्याला टाळी ठरलेली असते. वरव्यातही ती पडली.

व्याख्यान संपल्यावर अकरावीत विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी वही घेऊन पुढे आली. ''काका, तुम्ही सांगितलेली त्रुटी कोणत्या ग्रंथातली?'' तिने विचारले. मी भास्कराचार्यांचे नाव सांगितले. ती म्हणाली, ''आमचे आबा सप्ताहात भागवत वाचतात. त्यात तिसऱ्या स्कंधात त्रुटी आहे. मी भागाकार करून पाहिला. सेकंदाचा एकवीसशे नऊवा भाग येतो. तुमच्या त्रुटीच्या सोळापट. मग खरी त्रुटी कोणती?''

मी काहीतरी सावरासावर केली. दोन्ही ग्रंथ थोर आहेत, परंपरा अनेक आहेत, वगैरे. तिचे समाधान झाले नाही. जाता जाता ती सहज बोलून गेली, ''काका, पत्रावर नुसतं वरवे लिहून चालत नाही. बुद्रुक की खुर्द ते लिहावं लागतं. नाहीतर पत्र दुसऱ्या गावाला जातं.''

त्या रात्री परतताना माझ्या मनात टाळी नव्हती, ते वाक्य होते. इतकी वर्षे मी श्रोत्यांच्या हाती पत्ता अर्धवट लिहिलेले पत्र देत होतो. या लेखाचे प्रयोजन त्या चुकीची कबुली देणे हे तर आहेच. पण ती चूक माझ्या एकट्याची नाही, म्हणून तिचा जाहीर विचार व्हावा असे वाटते.

एक शब्द, तीन मापे

प्रथम हिशेब मांडू. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त दिलेली मालिका अशी आहे : डोळ्याच्या पापणीची उघडझाप म्हणजे निमेष. निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. दुसऱ्या बाजूने अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांची एक घटिका, दोन घटिकांचा एक क्षण आणि तीस क्षणांचा एक दिवस. म्हणजे दिवसाचे ९ लाख ७२ हजार निमेष होतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर निमेष सेकंदाच्या अकराव्या भागाहून थोडा लहान येतो आणि त्रुटी येते सेकंदाचा ३३,७५०वा भाग. आजच्या परिभाषेत सुमारे ३० मायक्रोसेकंद, अर्थात सेकंदाचे तीस दशलक्षांश.

श्रीमद्भागवतातील मालिका निराळी आहे. तेथे दोन परमाणूंचा एक अणू, तीन अणूंचा एक त्रसरेणू, तीन त्रसरेणूंची एक त्रुटी, शंभर त्रुटींचा वेध, तीन वेधांचा लव, तीन लवांचा निमेष, तीन निमेषांचा क्षण, पाच क्षणांची काष्ठा, पंधरा काष्ठांचे लघू, पंधरा लघूंची नाडिका आणि दोन नाडिकांचा मुहूर्त. नाडिका २४ मिनिटांची धरून खाली उतरत गेले, तर त्रुटी सुमारे ४७४ मायक्रोसेकंदांची येते. भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या नेमकी सोळापट. त्या मुलीचा भागाकार अचूक होता.

आता कौटिल्याकडे वळू. 'अर्थशास्त्रा'त दोन त्रुटींचा एक लव, दोन लवांचा एक निमेष, पाच निमेषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला आणि चाळीस कलांची नालिका आहे. यावरून निमेष जवळजवळ पाव सेकंदाचा, ०.२४ सेकंदांचा येतो आणि त्रुटी ०.०६ सेकंदाची. ही त्रुटी भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या २,०२५ पट आहे! शब्द एकच. ग्रंथ तिन्ही आपलेच. मापात दोन हजार पटींचे अंतर.

निमेषाचीही हीच कथा. मनुस्मृतीत अठरा निमेषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांचा मुहूर्त असा क्रम असल्यामुळे निमेष ०.१७८ सेकंदांचा येतो. विष्णुपुराणात काष्ठा पंधरा निमेषांची असल्यामुळे तो ०.२१३ सेकंदांचा होतो. भागवतात तो ०.४२७ सेकंदांवर जातो, तर भास्कराचार्यांकडे ०.०८९ सेकंदांवर उतरतो. शिवाय भागवतातील 'क्षण' सव्वा सेकंदाचा आहे आणि भास्कराचार्यांचा 'क्षण' ४८ मिनिटांचा. एका ग्रंथातील क्षण उचलून दुसऱ्या ग्रंथाच्या कोष्टकात बसवला, तर काय अनर्थ होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

यात आपल्या पूर्वजांचे काही चुकले असे मानण्याचे कारण नाही. दशमान पद्धती येण्यापूर्वी पायलीचे माप या बाजारात एक आणि त्या बाजारात दुसरे असे, बिघा प्रांताप्रांतांत बदलत असे. त्या काळचा व्यापारी मात्र व्यवहार करताना कोणती पायली ते आधी ठरवून घेई. प्रत्येक ग्रंथकाराने आपली मालिका आरंभापासून अंतापर्यंत नीट सांगून ठेवली आहे. चूक आपली आहे. मालिका सोडून आपण तिच्यातला एकच मणी उचलतो आणि तो सर्वांचा म्हणून दाखवतो.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. भास्कराचार्यांनी जी घटिका सांगितली ती नाक्षत्र घटिका आहे. नक्षत्रांच्या एका फेरीचा दिवस आपल्या घड्याळाच्या दिवसापेक्षा जवळजवळ चार मिनिटांनी लहान, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. तो धरून भागाकार केला, तर त्रुटी सेकंदाचा ३३,८४२वा भाग ठरते. म्हणजे ज्या ३३,७५० या आकड्यावर आम्ही इतकी वर्षे टाळ्या घेतल्या, तो शेवटच्या अंकापर्यंत खरा आहे असेही म्हणता येत नाही. 'सुमारे तीस मायक्रोसेकंद' एवढेच विधान प्रामाणिक आहे.

अर्धा निमेष आणि प्रकाशाचा वेग

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे.

चौदाव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाला असलेल्या सायणाचार्यांनी ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील सूर्यसूक्तावर भाष्य करताना, अर्ध्या निमेषात दोन हजार दोनशे दोन योजने जाणाऱ्या सूर्याला नमन केले आहे. हा उल्लेख खरा आहे आणि विलक्षणही आहे. गेल्या काही दशकांत त्यावरून प्रकाशाचा वेग आपल्या भाष्यकारांना ठाऊक होता, असे प्रतिपादन होत आले. त्याचे गणित कसे केले जाते? योजन सुमारे साडेचौदा किलोमीटरचे धरायचे आणि निमेष विष्णुपुराणातील, ०.२१३ सेकंदांचा घ्यायचा. उत्तर सेकंदाला तीन लाख किलोमीटरांच्या अगदी जवळ येते. ऊर अभिमानाने भरून येतो.

आता तेच योजन कायम ठेवून निमेष बदलून पाहा. कौटिल्याचा निमेष घेतला, तर वेग सुमारे २ लाख ६६ हजार किलोमीटर येतो. मनुस्मृतीचा घेतला, तर ३ लाख ५९ हजार. भागवताचा घेतला, तर दीड लाख. आणि ज्या भास्कराचार्यांची त्रुटी आपण अभिमानाने सांगतो, त्यांचाच निमेष घेतला, तर ७ लाख १८ हजार! योजनाची लांबीही ग्रंथागणिक बदलते. तिचा फेर धरला, तर ही दरी आणखी रुंदावते. शिवाय भाष्यात बोलणे सूर्याच्या गतीविषयी आहे.

पाच निमेषांपैकी एकच असा निघतो, की ज्याने उत्तर जुळते. मग तोच का घ्यायचा? उत्तर आधी ठाऊक आहे म्हणून! ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने मापे निवडून ते जुळवणे, याला गणित म्हणत नाहीत. परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले, तर आपण त्याचे गुण कापू. तीच गोष्ट आपण व्यासपीठावरून केली, तर ती राष्ट्रभक्ती कशी ठरेल?

याचा परिणाम कोणावर होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. परंपरेचा उपहास करण्यासाठी टपलेल्या मंडळींच्या हाती आपण आयते शस्त्र देतो, हा तोटा त्या मानाने लहान आहे. मोठा तोटा त्या अकरावीतल्या मुलीचा आहे. ती श्रद्धेने ऐकायला येते, घरी जाऊन भागाकार करते आणि तिला उत्तर वेगळे येते. त्या क्षणी ती ठरवते, की या लोकांचा हा आकडा चुकीचा, तर बाकीचेही तसेच असणार. मग आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य हेही तिच्या दृष्टीने भाकडकथांच्या रांगेत जाऊन बसतात. एका फुगवलेल्या आकड्यापायी दहा खरे आकडे आपण गमावतो.

जेथे पाय घट्ट रोवावेत अशी भूमी

वास्तविक आपल्याकडे फुगवून सांगण्याची गरजच नाही. खरे आहे तेच पुरेसे विस्मयकारक आहे.

साठ घटींचा दिवस, साठ पळांची घटी, साठ विपळांचे पळ. ही मालिका पंचांगामुळे घराघरात पोहोचली. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदांचे. सूर्यसिद्धान्त पळाचे सहा प्राण सांगतो. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास, चार सेकंद. मिनिटाला पंधरा श्वास. आजचे वैद्यकही विश्रांत अवस्थेतील माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस सांगते. प्राणाचा दहावा भाग म्हणजे एक गुरू अक्षर उच्चारण्याचा वेळ. तोही ०.४ सेकंद, म्हणजे बरोबर एक विपळ. साठ गुरू अक्षरांचा श्लोक ठरावीक लयीत म्हटला, की एक पळ होते. यंत्र हाताशी नसताना पाठ केलेल्या श्लोकावर काळ मोजण्याची ही युक्ती आपल्या ज्योतिर्विदांनी योजली होती.

दिवसाचे प्राण किती? ६० गुणिले ६० गुणिले ६, म्हणजे २१,६००. वर्तुळाच्या कला किती? ३६० गुणिले ६०, म्हणजे तेही २१,६००. हा योगायोग नव्हे, रचना आहे. माणूस एक श्वास घेतो तेवढ्यात आकाश एक कला सरकते. आर्यभटाने तर याच्याही पुढे जाऊन, एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते, असे पाचव्या शतकाच्या अखेरीस म्हणून ठेवले. वरव्याहून भोर आणि तेथून वरंधा घाट उतरला, की शिवथरघळ येते. समर्थांच्या दासबोधाशी परंपरेने जोडलेले हे स्थान. त्या दासबोधात अजपाजपाच्या निरूपणात हीच एकवीस हजार सहाशे श्वासांची संख्या आली आहे. खगोलातील माप साधनेत उतरले आणि साधनेतून मराठी माणसाच्या मुखी आले. येथे कोणतीही ओढाताण करावी लागत नाही. कोणीही घड्याळ हाती घेऊन श्वास मोजावेत आणि पडताळा पाहावा.

मोजमापाच्या साधनांविषयीही असेच. तळाला छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडायचे. ते भरून बुडले की एक घटी झाली. लग्नमंडपात उपाध्याय घटिका भरण्याची वाट पाहत बसले आहेत, हे दृश्य आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला परिचयाचे होते. जुन्या ग्रंथांनी या पात्राचे वजन, छिद्राची जाडी असे तपशील ठरवून दिले होते. भास्कराचार्यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की ते तपशील साधणे कठीण आणि त्यांना सयुक्तिक आधारही नाही. पात्र कसेही घ्या, ते अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. तेच त्या पात्राचे माप. पूर्वसूरींचा पूर्ण आदर ठेवूनही, पडताळा घेतल्याविना माप मान्य करू नका, असे बाराव्या शतकातील हा आचार्य सांगतो. प्रयोगशाळेत साधनांचे प्रमाणीकरण करतात ते याहून निराळे काय आहे?

त्रुटीचे प्रयोजन

मग सेकंदाचा तीस दशलक्षांश भाग सांगून भास्कराचार्यांनी काय साधले? त्यांच्याजवळ तो मोजण्याचे यंत्र नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही. घटिकापात्राने, शंकूच्या छायेने किंवा श्लोकाच्या उच्चाराने त्रुटी मोजता येत नाही. ती गणिताची कल्पना होती. पण कल्पना म्हणून ती क्षुल्लक नव्हती.

चंद्राची गती सतत बदलते. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील फरक घेऊन एका दिवसाची सरासरी गती काढली, तर तिथीचा नेमका शेवट काढताना चूक होते. म्हणून भास्कराचार्यांनी 'तात्कालिकी' गतीचा विचार मांडला : त्या क्षणाची गती. एका क्षणाचे स्थान आणि लगतच्या क्षणाचे स्थान यांतील फरक. आणि तो फरक काढताना ज्येतील सूक्ष्म बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम त्यांनी वापरला. त्यांच्यापूर्वी मुंजालाच्या ग्रंथातही याचे बीज दिसते. आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी ज्याला अवकलन म्हणतो, त्याच्या उंबरठ्यावरचा हा विचार आहे. ज्याला क्षणाच्याही आतला क्षण कल्पिता येतो, त्यालाच अशी गती सुचते. इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सह्याद्रीच्या परिसरातील एका विद्वानाने हे लिहिले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी यादवांच्या काळात मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख त्याची साक्ष देतो आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. ही थोरवी सांगायला सोपी नाही, टाळीही लगेच मिळत नाही. पण ती कोणालाही खोडता येणार नाही.

आजची त्रुटी खोडदच्या माळावर

आता विसाव्या-एकविसाव्या शतकाकडे येऊ. सेकंदाचीही व्याख्या स्थिर नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो आधी सरासरी सौर दिवसाचा ८६,४००वा भाग होता. पृथ्वीचे फिरणे पुरेसे एकसारखे नाही, हे ध्यानात आल्यावर १९६७ साली सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० स्पंदनांवर तो बांधण्यात आला. पाश्चात्त्यांनाही आपले माप बदलावे लागले. त्यांनी ते उघडपणे बदलले आणि प्रत्येक वेळी नवी व्याख्या लिहून ठेवली. त्यानंतर सेकंदाचा सहस्रांश म्हणजे मिली, दशलक्षांश म्हणजे मायक्रो, अब्जांश म्हणजे नॅनो ही उतरंड हजाराच्या पायऱ्यांनी थेट खाली गेली. प्रकाशाचे अ‍ॅटोसेकंदांइतके अल्पजीवी झोत निर्माण करण्याच्या पद्धतींसाठी २०२३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले. अ‍ॅटोसेकंद म्हणजे एकाच्या पुढे अठरा शून्ये मांडून तेवढे सेकंदाचे भाग केले, तर त्यातला एक. या उतरंडीचे बळ तिच्या सूक्ष्मतेत जेवढे आहे, तेवढेच तिच्या एकवाक्यतेत आहे. पुण्याचा मायक्रोसेकंद आणि टोकियोचा मायक्रोसेकंद एकच. तेथे बुद्रुक-खुर्दचा प्रश्नच उरत नाही.

आणि या सूक्ष्म काळाची उपासना आपल्याच जिल्ह्यात चालते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रकाश भास्कराचार्यांच्या एका त्रुटीत सुमारे नऊ किलोमीटर जातो. वरव्याच्या वेशीवरून निघालेला किरण तेवढ्यात नसरापूर ओलांडून जाईल. म्हणजे खोडदच्या एका टोकाच्या थाळीवर आलेला आकाशातील संदेश दुसऱ्या टोकाच्या थाळीवर पोहोचायला जास्तीत जास्त पावणेतीन त्रुटी लागतात! ते अंतर अब्जांश सेकंदांच्या हिशेबाने भरून काढले, तरच तीस थाळ्या मिळून एक दुर्बीण होते. याच दुर्बिणीने स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि २०२३ सालच्या जूनमध्ये भारतीय व युरोपीय शास्त्रज्ञांनी मिळून, ज्यांचे एक आंदोलन पुरे व्हायला वर्षे लागतात अशा गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगापुढे ठेवला. ज्या त्रुटीला बाराव्या शतकात केवळ गणितात स्थान होते, ती आज याच सह्याद्रीच्या सावलीत प्रत्यक्ष मोजली जाते आणि तिचेही हजारो भाग केले जातात. व्यासपीठावरून सांगायची गोष्ट ही आहे.

सूक्ष्म काळ हा राष्ट्राच्या सामर्थ्याचाही प्रश्न आहे. उपग्रहावरून आपले स्थान काढताना एका मायक्रोसेकंदाची चूक तीनशे मीटरांची चूक होते, एका त्रुटीची चूक नऊ किलोमीटरांची. आपल्या 'नाविक' या स्वदेशी दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहातील परदेशातून आणलेली तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडली आणि स्वतःचे घड्याळ नसणे म्हणजे काय, याचा अनुभव देशाने घेतला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात प्रथमच भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. जानेवारी २०२५ मधील पुढचा उपग्रह अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही, हेही सांगितले पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील प्रमाणवेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथील प्रयोगशाळांमार्फत देशभर पोहोचवण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. हा स्वाभिमान घोषणांनी साधत नाही. तो साधण्यासाठी अब्जांश सेकंदावर वर्षानुवर्षे डोळा लावून बसणारी माणसे लागतात.

अभिमानाची शिस्त

तर मग आपण काय करावे? माझ्यापुरते मी तीन नियम केले आहेत. पहिला, ग्रंथाचे नाव घेतल्याविना त्रुटी, निमेष, लव, क्षण यांचे आजच्या मापात रूपांतर सांगायचे नाही. दुसरा, दिवस कोणता धरला, सौर की नाक्षत्र, ते सांगायचे आणि जेथे मूळ मापच पापणीच्या उघडझापीवर बेतलेले आहे, तेथे पाच अंकी उत्तराचा हट्ट धरायचा नाही. तिसरा, कल्पिलेले माप आणि मोजलेले माप यांत भेद करायचा. ज्याचे यंत्र होते ते मोजले म्हणायचे, ज्याचे नव्हते ते कल्पिले म्हणायचे. कल्पिणे हेही थोरच आहे.

असा मार्ग आखून देणारे पुरुष महाराष्ट्रातच झाले. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पुण्यात शिक्षकी करत होते. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या सिद्धान्तग्रंथांवर त्यांचे निरतिशय प्रेम होते; पण ते प्रेम आकडेमोडीच्या आड येऊ दिले नाही. म्हणूनच शतक उलटून गेल्यावरही देशोदेशींचे अभ्यासक त्या ग्रंथाचा आधार घेतात. परंपरेची सेवा कशी करावी याचा तो वस्तुपाठ आहे. दीक्षित अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचा ग्रंथ आपल्या किती व्याख्यात्यांनी उघडून पाहिला असेल, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आणि मग येथे लिहिला आहे.

मराठीत 'त्रुटी' या शब्दाचा रूढ अर्थ उणीव असा झाला आहे. कालमानातील त्रुटी आणि उणिवेची त्रुटी एकाच शब्दात नांदावीत, हे मला आता सूचक वाटते. जेवढे सूक्ष्म मोजायला जावे, तेवढी आपली उणीव अधिक स्पष्ट दिसू लागते. ती झाकणारा समाज व्याख्याने देत राहतो. ती मान्य करणारा समाज घड्याळे घडवतो.

गेल्या महिन्यात पुन्हा वरव्याला जाणे झाले. तीच मुलगी भेटली. या वेळी मी वही पुढे केली. तीत तिन्ही ग्रंथांच्या मालिका शेजारी शेजारी मांडल्या होत्या. तिने त्या तपासल्या, एका ठिकाणी दशांश चिन्ह चुकले होते ते दुरुस्त केले आणि वही परत देत म्हणाली, ''आता पत्ता पूर्ण झाला, काका.'' शेजारी बसलेले तिचे आबा हसले. भागवताची पोथी त्यांच्या मांडीवर होती.